तिचं गुरगुरणं

रोह्याला आम्ही घर केलं तेव्हा मी कंपनीत नुकताच कायम झालो होतो. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. धाटावच्या रस्त्याला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. पुढे पडवी, मागे ओटा. माझी तीन शिफ्टची नोकरी, बायको बराच वेळ घरी एकटी, आणि आसपास तेव्हा वस्तीही विरळ. म्हणून कुत्रं पाळायचं ठरवलं. आमच्या खात्यातल्या एका ऑपरेटरने त्याच्या कुत्रीचं पिल्लू दिलं. तांबूस रंगाची, उभ्या कानांची मादी. देताना त्याने मला बजावलं की लहान आहे तोवर धाकात ठेव, एकदा डोक्यावर बसली की आवरायची नाही.

मी ते मनावर घेतलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. कंपनीत माझ्या डोक्यावर चार माणसं होती. घरी मी सांगेन ते ऐकणारं कोणीतरी असावं असं मला वाटत असणार. प्लांटमधून रबरी पाइपचा एक हातभर तुकडा आणला आणि मागच्या दारामागे अडकवून ठेवला.

ती चार-पाच महिन्यांची असेल. ओट्यावर माशाचं डोकं खात होती. मी सहज तिच्या पुढ्यातली ताटली सरकवायला हात घातला आणि ती गुरगुरली. फार मोठ्याने नाही, घशातल्या घशात. मी पाइप काढला. घरच्या माणसावर गुरगुरायचं नाही, हे तिला कळलं पाहिजे असं मला वाटलं. त्यानंतर मी मुद्दाम ती खात असताना ताटलीला हात लावायचो. गुरगुरली की मारायचो. दोन-अडीच महिन्यांत तिने गुरगुरणं सोडलं.

मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. पाहुणे आले की मी तिच्या तोंडातलं हाडूक काढून दाखवायचो. ती हूं की चूं करायची नाही. शेजारपाजारच्यांना मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, काही करत नाही, पोरांनी शेपूट ओढली तरी काही करत नाही.

बायको मला अडवायची. तिचं माहेर पेणच्या खाली खारेपाटात. तिचे वडील मिठागरावर राखणदार होते. बांधावर त्यांची खोप होती आणि त्यांच्याजवळ नेहमी एखाद-दुसरं कुत्रं असायचं. त्यांनी कधी कुत्र्यावर हात उगारलेला तिने पाहिला नव्हता. ती म्हणायची, बघा, तिने मान फिरवलीय, उगीच जांभई देतेय, ओठ चाटतेय. तिला नकोय हे. मी हसायचो. मिठागरावरच्या कुत्र्यांची आणि घरच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी, असं काहीतरी म्हणायचो. कुत्री जांभई देते म्हणजे तिला झोप आलीय, यापलीकडे माझी अक्कल चालत नव्हती.

ती सव्वा वर्षाची असताना ते झालं. रविवारची दुपार होती. माझी सुट्टी. मागच्या ओट्यावर ती जेवत होती, आणि शेजारची पाच वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. ती रोजच यायची. तिने कुत्रीच्या गळ्यात हात टाकला. मी दारातच बसलो होतो, सगळं बघत होतो. कुत्रीचं खाणं थांबलं. अंग ताठ झालं. डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसलं. आज मला ते सगळं स्पष्ट दिसतं. तेव्हा मी बघत होतो, पण मला दिसत काही नव्हतं. तिने आवाज केला नाही. वळली आणि मुलीच्या गालाला चावली.

डोळ्याच्या खाली टाके पडले. शिवाय तेव्हा कुत्रं चावलं की पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक, चौदा दिवस. मी रोज तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात घेऊन जायचो. मुलगी पहिल्या दिवशी खूप ओरडली. पुढे पुढे ती माझ्याकडे बघायची आणि टेबलावर स्वतःहून फ्रॉक वर करायची. तिची आई मला एकदाही टाकून बोलली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना तिने एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना, काही करत नाही म्हणून?”

मी हो म्हणालो. तो गाल पुढे भरून आला, पण व्रण राहिला. वर्षभराने ती मंडळी जागा सोडून दुसरीकडे गेली. आमच्या घरात त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही.

डॉक्टरांनी कुत्रीला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायला सांगितलं होतं. दहा दिवस झाले की तिचं काय करायचं ते माझं ठरलं होतं. त्याच ऑपरेटरने औषध आणून द्यायचं कबूल केलं होतं. बायकोला मी ते सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिने किराणा दुकानातल्या फोनवरून माहेरच्या गावातल्या दुकानात निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी माझे सासरे आले. पेणहून एस.टी. पकडून, वडखळ-नागोठणे करत, हातात एक पिशवी. पिशवीत सुके बोंबील होते.

ते आले आणि कुत्रीकडे गेलेच नाहीत. तिच्यापासून सात-आठ हातांवर, तिच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसले. चहा तिथेच घेतला. मधून मधून बोंबलाचा तुकडा मोडून न बघता मागे टाकायचे. मला बोलावून शेजारी बसवलं आणि काय काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

“आधी गुरगुरली व्हती का?”

मी म्हणालो, नाही, ती गुरगुरतच नाही.

“कधीपासून?”

मग मला ते सगळं सांगावं लागलं. माशाचं डोकं, ताटली, पाइप. सांगताना माझाच आवाज मला कसातरी वाटायला लागला. सासऱ्यांनी आणखी एक तुकडा मोडून मागे टाकला. जावई म्हटल्यावर ते मला कधी दुखवून बोलत नसत. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

“जावयबुवा,” ते म्हणाले, “राग तिच्यात तसाच हाय. भ्या पन तसाच हाय. तुमी फक्त तिचं सांगायचं बंद केलंत. आता ती न सांगता चावते. दुसरं काय करील?”

दहा दिवस पुरे होईपर्यंत ते आमच्याकडे राहिले. अकराव्या दिवशी मीठ उतरवून पेणला परत निघालेल्या एका टेम्पोत तिला घेऊन गेले. टेम्पोत चढवताना त्यांनी तिला ओढलं नाही. पाऊण तास लागला. एक पाय वर, एक तुकडा. दोन पाय वर, एक तुकडा. टेम्पोवाला कंटाळला, विडी ओढून आला, पुन्हा कंटाळला. शेवटी ती आपल्या आपण वर चढली.

त्यानंतर माझी सुट्टी असली की मी तिकडे जायला लागलो. बायकोनेच सांगितलं, तुम्ही जा. पेणला उतरायचं, रामवाडीच्या नाक्यावरून काही वाहन मिळालं तर ठीक, नाहीतर पायी खाडीकडे. खोपीसमोर कुत्री मोकळी असायची. मला बघितलं की पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहायची.

सासऱ्यांनी मला कामाला लावलं. तिच्याकडे बघायचं नाही. समोरून जायचं नाही. तिच्यावर वाकायचं नाही. ती जेवत असली की लांबून जायचं आणि जाता जाता तिच्या ताटलीत बोंबलाचा तुकडा टाकायचा, थांबायचं नाही. ताटलीतलं काही काढायचं नाही, फक्त टाकायचं. “हात काय तरी घेऊन येतो,” ते म्हणायचे, “काढून न्यायला येत नाय. येवडं तिला पटलं म्हंजे बस.” कान मागे गेले की थांबायचं. शेपटी नुसती हलतेय म्हणून खूश व्हायचं नाही, ताठ हलते की सैल ते बघायचं. मिठागरावर काम करणारी माणसं मला हसायची. कंपनीतला माणूस बांधावर बसून कुत्रीच्या शेपटीचा अभ्यास करतो म्हणून.

त्यांनी स्वतः तिला कितीतरी शिकवलं. “ये गो” म्हटलं की ती बांधाच्या दुसऱ्या टोकावरून धावत यायची. आली की प्रत्येक वेळी काहीतरी मिळायचंच, भाकरीचा कोपरा का होईना. अनोळखी माणूस आला की तिने खोपीच्या कोपऱ्यातल्या गोणपाटावर जाऊन बसायचं, आणि ती तिथे बसली असली की तिच्याजवळ कोणी जायचं नाही, हा नियम माणसांना. ती चुकली तर ते काही करायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा मी विचारलं की तुम्हाला कधी राग येत नाही का. म्हणाले, येतो की, मग मी जरा उघाडीपर्यंत, खाडीचं पाणी सोडायच्या दारापर्यंत, फिरून येतो.

आठ-नऊ महिने झाले असतील. त्या दिवशी ती गोणपाटावर हाडूक चघळत होती आणि माझं लक्ष नव्हतं. तांब्या उचलायला म्हणून मी तिच्या फार जवळ गेलो. आणि ती गुरगुरली. खूप दिवसांनी तो आवाज ऐकला. माझा हात आपोआप वर गेला. मला मारायचं नव्हतं, पण हाताला तेवढंच ठाऊक होतं.

“मागं सरा,” सासरे म्हणाले. शांतपणे. “हलू हलू मागं सरा.”

मी सरलो. ती गप्प झाली. पुन्हा हाडूक चघळायला लागली. मी सासऱ्यांकडे बघितलं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “बोलली,” एवढंच म्हणाले. मग खोपीबाहेर गेले आणि भाकरी घेऊन आलेल्या सासूबाईंना सांगायला लागले की गो, ती बोलली. घरात कोणाला नोकरी लागल्यासारखा आनंद.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. खोकला बरेच दिवस होता, त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पेणच्या दवाखान्यात तीन दिवस होते. मी फर्स्ट शिफ्टला होतो तेव्हा गेटवर निरोप आला. बायको आधीच तिथे होती. मी पोचलो तोवर त्यांना घरी आणलं होतं. कुत्री अंगणाच्या कडेला बसली होती, कोणाच्या मध्ये आली नाही. त्यांना उचललं तेव्हा ती उठली आणि माणसांच्या मागून थोडं अंतर ठेवून चालत राहिली. कोणीतरी हाकलली, तेव्हा थांबली.

मी आठ दिवसांची रजा टाकली. दिवसकार्य होतंच, पण मुख्य कारण ती होती. ती खात नव्हती. सकाळी खोपीवर जायची, संध्याकाळी घरी यायची, पुन्हा सकाळी जायची. मीही तिच्या मागून जायला लागलो. खोपीसमोर तिच्याकडे पाठ करून बसायचो. तुकडा मोडून मागे टाकायचो आणि वाट बघायचो. पहिले तीन दिवस सगळे तुकडे तसेच पडून राहिले, मुंग्यांनी आणि कावळ्यांनी नेले. त्या तीन दिवसांत मी पुष्कळ रडलो. सासऱ्यांसाठी की तिच्यासाठी, ते सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी मागे दातांचा आवाज आला. ती खात होती. पाचव्या दिवशी ती माझ्या बाजूला येऊन बसली, हातभर अंतर ठेवून. मी तळवा उघडा करून जमिनीवर ठेवला. तिने वास घेतला आणि तुकडा उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातातून. मला वाटलं आता झालं. मी तिच्या छातीखाली खाजवावं म्हणून हात थोडा उचलला, फार नाही, चार बोटं. तिने मान खाली घातली, डोळे घट्ट मिटून घेतले आणि तशीच थांबली. पळाली नाही, गुरगुरली नाही. मार खायची वाट बघत थांबली.

मी हात पुन्हा खाली ठेवला. ती बऱ्याच वेळाने डोळे उघडून बाजूला गेली.

तिला रोह्याला आणायचं माझ्या मनात होतं. बायको नको म्हणाली. आईला सोबत होईल, म्हणाली, आणि तिला ही जागा माहीत आहे. तेच खरं होतं. ती सासूबाईंजवळ आणखी तीन वर्षं राहिली. कोणाला चावली नाही. एखादं पोर फार जवळ आलं तर घशातून सांगायची, आणि सासूबाई पोराला बाजूला घ्यायच्या. मी पंधरा दिवसांनी जायचो. ती माझ्या हातचं खायची, बांधावर माझ्याबरोबर फिरायची. पण मी घाम पुसायला किंवा सदरा खुंटीला लावायला हात वर केला की ती तिथल्या तिथे बसायची आणि डोळे मिटायची. शेवटपर्यंत. मी तिकडे गेलो की सगळं हळू करायला शिकलो. सदरा काढायचा तर आधी बाहेर जायचो.

ती गेली तो उन्हाळा होता. दोन-तीन दिवस नुसती पडून होती, पाणी तेवढं प्यायची. सासूबाईंनी निरोप पाठवला, पण मला रजा मिळाली नाही, किंवा मी नीट मागितली नाही. रविवारी पोचलो तेव्हा त्यांनी तिला खोपीमागे बांधाच्या कडेला पुरलं होतं. गावातल्या दोघांनी खड्डा काढून दिला म्हणाल्या. मी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का.

“नाय,” त्या म्हणाल्या. “डोस्क्यावरना हात फिरवत व्हती मी. निजल्यासारखी गेली.”

तिच्या डोक्यावरून हात फिरवता येत होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्या मिठागरावरच्या कोणाच्या तरी आजारपणाचं सांगू लागल्या. मी ऐकत बसलो.