गरम फोडणी चालत नाही

बऱ्हाणपूर स्टेशनवर गाडी हलायला लागली तरी आई खिडकीच्या गजांतून डबा आत सरकवायच्या खटपटीत होती. डब्यात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. तिच्या पायाशी पिशवीत बडगी होती. वांग्याचं भरीत ठेचायचं ते खोलगट लाकडी भांडं, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं. तीही मी न्यावी असा तिचा हट्ट होता, आणि विमानात वजन मोजतात म्हणून मी नाही म्हटलं होतं.

"मोजू दे की! तुमच्या तिकडं ठेचशील कशात?" आई म्हणाली. गाडी अजून रावेरलाही पोहोचली नव्हती आणि तिनं मला 'तिकडची' करून टाकलं होतं. डब्यातलं तेल भुसावळपर्यंत माझ्या नव्या ओढणीत उतरलं. तो डाग अजून आहे.

जसोंडीला मामांच्या मळ्यावर दर हिवाळ्यात भरताला जमणाऱ्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखे जे उठून दूर गेले त्यांनाही, मी हे सांगते आहे. आमच्याकडचं भरीत तुम्हाला ठाऊकच आहे. पांढरट हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, ती पुरुषांनी. सोलायची बायकांनी. आणि मग बडगी आईपुढे यायची. बाबा असताना बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातलं घर बंद करून आम्ही सकाळीच मामांच्या मळ्यावर जायचो. आई हात धुऊन बसेपर्यंत मामी कुणाला मिठाला हात लावू द्यायची नाही. "ताईंना येऊ द्या," एवढंच म्हणायची.

ऑकलंडला आल्यावर मला पहिल्यांदा स्वतःच्या हातचं काही जमलं ते ॲव्होकॅडोचं डिप. इथं कुणाकडे जमायचं तर प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा. पोळ्या लाटत बसण्यापेक्षा हे बरं. पिकलेली फळं फोडायची, गर काढून काट्यानं चेचायचा, लिंबू, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. झालं! चिप्स बुडवायच्या आणि खायचं. रंग हुबेहूब आपल्या भरताचा. पहिल्यांदा केलं तेव्हा त्या रंगाकडे बघूनच मी स्वयंपाकघरात रडले होते. चव मात्र कुठेच पोचत नव्हती.

बाबा गेल्यावर आई बुधवाऱ्यात एकटी राहिली. मी तिला इकडे बोलावलं. आले, बघितलं, गेले, असं नाही, कायमचं. हे तिला अजून सांगितलेलं नव्हतं. आधी तिला इथं रमू दे, मग सांगू, असा माझा बेत होता. ती आली, आणि सोबत बडगी घेऊन आली. लाकडी वस्तू म्हणून विमानतळावर ती बाजूला काढून उलटसुलट तपासली, तेव्हा आई त्या अधिकाऱ्याला चक्क मराठीत म्हणाली, "अहो, तेलात मुरलीय ती. किडा येईल कुठून?" त्यानं हसून परत दिली.

पण रमणं दूर राहिलं. आई खिडकीशी बसून रस्ता बघायची. रस्त्यावर बघायला कुणी नसायचं. "तुमच्या तिकडं माणसं राहतात कुठं?" असं विचारायची. एकदा मी ॲव्होकॅडो आणले, दगडासारखे कडक. तिनं देठाशी वास घेतला, पिकल्या केळ्यांसोबत पिशवीत बांधून ठेवले आणि रोज दाबून बघितले. केळ्याच्या गावची बाई, तिला पिकवणं शिकवायला नको. मी डिप करायला घेतलं तेव्हा जवळ येऊन उभी राहिली. "हे तर भरीतच आहे. भाजायचं बी नाही? सरक तिकडं." पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता. मी आनंदानं सरकले.

त्या रविवारी शेजारच्या रूथबाईंकडे जमायचं होतं. आईनं गर बडगीत ठेचला, शेंगदाणे घातले, आणि आपल्याकडे घालतात तशी लसणाची कडकडीत फोडणी वरून ओतली. चर्र आवाज झाला. वर झाकण ठेवलं, मुरायला. तिथं जाऊन झाकण काढलं तर रंग मातकट, आणि चव कडू जहर. लोक भले. एकेक घास घेऊन 'छान, छान' म्हणाले आणि पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. इंग्रजी येत नसलं म्हणून काय झालं, भरलेलं भांडं आईला दिसत होतंच.

 घर आल्यावर म्हणाली, "माझ्या हातचं आजवर कधी उरलं नव्हतं गं." आणि सकाळी चहा घेताना, "माझं टिकट जल्दीचं मिळतं का बघ." मनातला बेत मनातच राहिला. मी फोन हातात घेऊन नुसती बसून राहिले. तिकीट बघितलंच नाही.

दुपारी घरी आले तर ओट्यावर वाट्या मांडलेल्या. एकीत साधा गर, एकीत गरम फोडणी घातलेला, एकीत फोडणी गार करून. आईनं मला प्रत्येकीतलं चाटवलं. "बघ. चूक हाताची नाही, आगीची आहे. याला आग सोसत नाही." चेहरा असा, जणू कुणावरचा खोटा आळ उतरला होता. तिकिटाचं नाव तिनंही काढलं नाही, मीही नाही.

पुढच्या वेळी रूथबाईंकडे जायच्या आधी फोडणीची वाटी खिडकीत ठेवली. पूर्ण गार झाल्यावरच ती गरात गेली, वर लिंबू पिळलं. त्या संध्याकाळी रूथबाईंनी पावाच्या तुकड्यानं बडगी पुसून खाल्ली. आईनं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हिंदीत विचारलं, "और बनाऊँ क्या?" कुणाला काय समजलं कोण जाणे, पण सगळे हो म्हणाले.

घरी येताना मी हिय्या करून म्हटलंच, "आई, आता इथंच राहा."

"अन् जसोंडीला कोण ठेचील? तुझ्या मामीला मीठ तरी कळतं का?" ती हसत म्हणाली, पण उत्तर पक्कं होतं. ठरल्या तारखेला ती गेली. बडगी माझ्याकडे ठेवून जाईल अशी मला आशा होती. तिनं ती साडीत गुंडाळून बॅगेत घातली, आणि मला वाईट वाटलं, खूप वाटलं.

त्यानंतरच्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, संध्याकाळचं लख्ख ऊन असताना, मी स्टीलच्या भांड्यात डिप करत होते. ठेचल्याचा तो मऊपणा स्टीलमध्ये काही येत नाही. जसोंडीहून मामीनं व्हिडिओ कॉल लावला. मळ्यावर धूर, केळीची पानं, आणि मधोमध आई, बडगीपुढे. मामीनं फोन कुठंतरी टेकवून ठेवला. मी दिसते आहे हे आई विसरलीच असावी.

"ताई, तिकडं त्या हिरव्या फळाचं करता म्हणे भरीत. कसं वो?" मामीनं विचारलं.

आईनं हातातलं मुसळ थांबवलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. "सोप्पं आहे," ती ऐटीत म्हणाली. "पण आमच्या ऑकलंडला गरम फोडणी चालत नाही बरं. गार करूनच घालावी लागते."

  माझीही फोडणी खिडकीत गार होत होती, रूथबाई दारात येऊन उभ्या होत्या, आणि मी पदराशिवायच्या कपड्यांत डोळे पुसायला काहीतरी शोधत होते. राहा म्हटलं तरी जी इथं राहिली नाही, ती तिकडं जसोंडीच्या मळ्यावर बसून इथली झाली होती.