खाजाभाई आणि लाँचचा बुश

कळसचा खाजाभाई नौदलातून निवृत्त होऊन आला, तेव्हा गावाने त्याला 'मिलिटरीवाला' करून टाकलं. जन्म जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाला बंदुकीच्या गोष्टी विचारणारे आमचे लोक. हा आता बारामतीत कुठल्या तरी बँकेच्या दारावर वॉचमन म्हणून बसणार, असा सगळ्यांचा होरा होता. त्याने निमगाव केतकीत मोटारी-पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. कुणाच्या दारात उभं राहण्याचा त्याचा स्वभावच नव्हता.

उजनी धरणाच्या फुगवट्यातून माणसं पलीकडच्या काठाला नेणारी अप्पांची लाँच होती. तिच्या पंख्याचा दांडा बुडातून बाहेर निघतो, तिथला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजला आणि आत पाणी यायला लागलं. खाजाभाईने गनमेटलचा बुश सांगितला, महाग पण वर्षानुवर्षं टिकणारा. अप्पांना तेवढ्या पैशात नायलॉनचे चार दिसत होते. गावचा लेथवाला पंपांना तेच करून द्यायचा. पंप उचलून दुकानात आणता येतो, पण बुश बदलायचा तर लाँच दर वेळी ट्रॅक्टरने काठावर ओढावी लागते, हे खाजाभाईने परोपरीने सांगितलं.

अप्पा चिडले. "ह्यात तुझं कमिशन किती हाय, ते सांग आधी."

दुकानात माणसं बसलेली होती. खाजाभाईने पाना खाली ठेवला.

"नायलॉन कुणाकडनं बी बसवून घ्या, अप्पा. माझा हात लागायचा न्हाय."

झालं. अप्पांनी नायलॉन बसवलाच, वर भाऊबंदांच्या मोटारीही दुसरीकडे वळवल्या. दुकान ओस पडलं. त्याची बायको ताजबीभाभी म्हणाली, एका बुशापायी घर कशाला उपाशी ठेवता, दोन शब्द गोड बोलून या. चोर म्हणणाऱ्याच्या दारात मी जात नाही, एवढंच तो म्हणाला. मला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

पुढे नायलॉन पाण्यात फुगला, दांडा आवळला गेला आणि लाँच जागची हलेना. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा गाळ, त्या ओढाताणीत लाँचच्या बुडालाही चीर गेली. पलीकडून कामाला येणाऱ्या बायाबापड्यांना लांबचा वळसा पडला. शेवटी अप्पाच निमगावला आले. खाजाभाईने मागचं काही न काढता गनमेटलचा बुश बसवून दिला.

आता अप्पा दुसऱ्या टोकाला गेले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा त्यांनी सगळ्यात महागातला आणला. आता समदं भारीतलंच टाक, असा हुकूम सोडला.

खाजाभाईने त्या पंख्याचा खोका त्यांच्या हातात परत ठेवला.

"हितं साधाच टाकायचा. चार स्क्रू काढलं की हातात येतो, झिजला की बदलायचा. भारीतलं तितं, जितं हात पोचत न्हाय." मग त्याने अप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. "आन् आता सांगा, ह्यात माझं कमिशन किती?"

दुकान त्याही दिवशी माणसांनी भरलेलं होतं, आणि त्याने आवाज जराही खाली घेतला नाही.