वडिलांच्या नावाची सही

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेचे ते कांदे पिकवणारे गुजराती काका आमच्या कर-सल्लागार ऑफिसात एकदाच आले. पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, नखांत लाल माती. मी तालुक्याच्या शाळेतून शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. आपल्या शिक्षणाने कुणाची तरी जमीन वाचतेय याचा मला आनंद झाला होता.

"काका, कर खात्याची तुमचा जुना कर तपासायची मुदत संपलीय," मी हिंदीत सांगितलं. "ती वाढवून देणाऱ्या संमतीपत्रावर तुम्ही वारलेल्या वडिलांच्या नावाची सही केलीत. ते पत्र बहुधा टिकणार नाही."

ते हसले. "मंडईत जाणाऱ्या आमच्या प्रत्येक पोत्यावर बापूजींचंच नाव असतं, बेटा. हाताला त्याच सहीची सवय लागलीय."

"मग हरकत घेऊ या? नाहीतर खात्यानं काढलेला कर भरायला खालचं शेत विकावं लागेल."

"विकू. मुदत मीच वाढवून दिली होती. बापूजींच्या नावानं दिलेला शब्द मीच खोटा म्हणू? ती सही माझीच आहे, असं लिही."

मी लिहिलं. त्यांनी स्वतःच्या नावाची सही सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. त्यांच्या नावाखाली माझं नाव लागलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.