त्र्यंबकरावांची मांडी

त्र्यंबकराव हा काही आजारी पडणारा माणूस नव्हे. चेन्नईत अंबत्तूरच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि त्यांच्या टेबलावरून न तपासता एक स्प्रिंग बाहेर गेली असेल तर शपथ. वजन टाकायचं, वाढवत न्यायचं, काढायचं. पुन्हा पहिल्या उंचीला आली तरच खोक्यात. पुढे स्वभावच तसा झाला. घरात नवी खुर्ची आली तरी आधी हे तिच्यावर दाणकन बसणार, मग पाहुणे.

तर अशा माणसाची कंबर धरली, आणि तीही लेकीचं लग्न ठरल्यावर. कमरेतून निघालेली कळ थेट उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. उभं राहवेना, आणि बसणं तर त्याहून नको. तेल झालं, शेक झाला. एक दिवस अंगठा वर उचलेचना, तेव्हा मात्र विजयालक्ष्मीने नवऱ्याला ऑटोत घातलं आणि नुंगंबाक्कमला डॉक्टर वाणींकडे नेलं. मणक्यांमधली गादी सरकून पायाची नस दाबत होती. बोटाएवढ्या छिद्रातून दुर्बीण घालून तेवढाच तुकडा काढता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी एवढंच विचारलं, “दहा आठवड्यांनी लग्नात मुलगी मांडीवर बसू शकेल ना?”

डॉक्टर इथल्याच, त्यांना लगेच कळलं. तुम्हाला मात्र सांगायला हवं. तंजावरकडच्या कितीतरी मराठी घरांत लग्न लागताना नवरी बापाच्या मांडीवर बसते आणि ती तशी बसलेली असतानाच नवरा मंगळसूत्र बांधतो. शेजारच्या तमिळ घरांतून कधीतरी उचललेली रीत, पण आता ती आपलीच. रंजनी पाळण्यात होती तेव्हापासून हा बाप त्या एका मिनिटाची वाट बघत होता. उगाच नाही सांगत, खरोखर बघत होता.

“आधी पाय वाचवू,” डॉक्टर म्हणाल्या. “मांडीचं नंतर.”

भूल कमरेवरच्या तेवढ्या जागेपुरतीच दिली होती, पाय जागे होते. पालथे पडून त्र्यंबकराव हत्यारांची खुडखुड ऐकत होते. मधेच डॉक्टरांनी पायाचं विचारलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की कळ गेलीय. कमी नाही झाली, गेलीच. दुसऱ्या दिवशी स्वारी दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. घरी आल्यावर जो भेटायला येईल त्याला शर्ट वर करून जखम दाखवायची. “एवढीशीच?” असं समोरच्याने म्हटलं की यांना कोण आनंद, जणू टाका यांनीच घातला होता.

सहा आठवडे वाकायचं नाही, पाण्याच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात विजयालक्ष्मी देवळात गेली आणि शहाण्यांनी स्वयंपाकघरातलं पोन्नी तांदळाचं पोतं खुर्चीशी ओढत नेलं. पंचवीस किलोंचं. रंजनी पन्नास किलोंची, म्हणजे निम्म्याने सुरुवात. टिकलो तर पुढे वाढवू. कारखान्यात असंच चढवत नेतात ना? पोतं मांडीवर आलं आणि पाठ जी आवळली, ती सुटेना. विजयालक्ष्मी परतली तर नवरा पोतं कुशीत घेऊन घामाघूम बसलेला.

“हे काय चाललंय?”

“तपासतोय.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पोतं ढकलून दिलं आणि तिथेच बसून रडायला लागली. त्र्यंबकराव आयुष्यात पहिल्यांदा घाबरले.

पाठीचा पुन्हा एमआरआय काढला. नशीब, गादी जागच्या जागी होती, दुखावला होता तो स्नायू. “माझ्या कामावर विश्वास नाही का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी कुणाच्याच कामावर ठेवत नाही,” हे प्रामाणिकपणे म्हणाले.

“ही स्प्रिंग नाही. पाठ भरून यायला तिचा वेळ घेणार. तुम्ही चालत राहायचं आणि तपासायचं नाही. कधी तयार झाली ते मी सांगेन.”

ऑपरेशन परवडलं, हे पथ्य महाकठीण होतं. त्यात देवेशच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या आईचा नाशिकहून फोन आला. बाई मनाने चांगली. “आमच्यात हे नसतंच, सोडून द्या ना. तब्येत आधी.” हे “बघू या” म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पण रोज पहाटे चालायला बाहेर पडले आणि तांदळाच्या पोत्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी पाय उचलायला लावले, पाठ चाचपली आणि म्हणाल्या, “खुर्चीत, पाठ टेकून, मिनिटभर. खुशाल बसू दे.”

घरी येऊन यांनी ते सांगितलं, पण रंजनीला ते खरं वाटलं नाही. तिचं काय चुकलं? पोत्याची कथा तिने ऐकली होती.

मुहूर्तावर नऊवारी सावरत ती आली आणि बापाच्या मांडीवर बसली. नादस्वरम दणाणत होतं. चौतीस वर्षं वजन जोखलेल्या माणसाला कळायला कितीसा वेळ लागणार? मांडीवर दोन किलोंचाही भार नव्हता. पोरगी चवड्यांवर तोलून राहिली होती आणि तिचे पाय लटलट कापत होते.

“बस, रंजे.”

“बसलेय, अप्पा.”

“डॉक्टरांनी खरंच सांगितलंय.”

“तुम्ही तपासलंत?”

“नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “या खेपेला नाही तपासलं.”

तिने मान वळवून बापाचं तोंड पाहिलं. मग तिने टाचा टेकल्या आणि सगळा भार सोडून दिला. देवेशने गाठ मारली. त्र्यंबकराव ताठ बसून होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाशिकची विहीणबाई घाबरली. “फार दुखतंय का हो त्यांना?”

“पाठ नाही दुखत,” विजयालक्ष्मी म्हणाली. “मुलगी चाललीय.”