ज्याचे गोत्र ठाऊक नाही

मार्गशीर्षातल्या एकादशीस पहाटेच्या पॅसेंजरने मी नांदगाव सोडले. नाशिक रोडला छापखान्यात नोकरीस असलेल्या धाकट्या भावाचे, श्रीधरचे, पत्र आले होते. त्याची कन्या मुग्धा हिने केनियाहून शिकायला आलेल्या सायमनशी विवाह करायचे ठरवले होते आणि श्रीधरने निर्णय माझ्यावर सोपवला होता. नकार मनाशी पक्का करूनच मी गाडीत बसलो.

फलाटावर दोघेही उभी होती. सायमनने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद उच्चारला. हात मात्र त्याच्या मस्तकापर्यंत गेला नाही.

रामकुंडावर माझे स्नान होईपर्यंत तो कोरडे धोतर सांभाळत पायरीवर थांबला. फराळाला त्याने पेरू आणले होते, अखंड. सुरी लागलेले फळ मी घेत नाही, हे त्याने आधीच विचारून घेतले होते. आपल्या आईच्या हातची उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) तो वर्णू लागला, तेव्हा एकादशीचे निमित्त सांगून मी विषय थांबवला. ते बरे केले नाही.

उत्तर देण्यापूर्वी मी एक चित्रपट पाहावा, असा मुग्धाचा हट्ट होता. नाशिकच्याच काही तरुणांनी तो काढला होता आणि एका मंगल कार्यालयात पडदा बांधून दाखवीत होते. इगतपुरीकडच्या धरणावर आलेला आफ्रिकेतला अभियंता आणि तिथल्या भातशेतकऱ्याची मुलगी, अशी कथा. गावकरी त्याला सिंहांविषयी विचारत. तो त्यांना सापांविषयी. सभागृह हसत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण मागे वळला.

"हिरो इथंच बसलाय की. काय भाऊ, सिंह कुठं बांधला?"

"बाहेर, सायकलींजवळ," सायमन शांतपणे म्हणाला. पुन्हा हशा पिकला. मी शेजारीच होतो. त्यानंतर बराच वेळ त्याने पडद्याकडे पाहिले नाही.

शेवटी लग्नाचा प्रसंग आला. पुरोहिताने वराचे गोत्र विचारले. ते नाही असे कळताच पोथी मिटून तो उठला. मुग्धा पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर समजावून सांगितले की, ज्याला आपले गोत्र ठाऊक नसते त्याचा संकल्प काश्यप गोत्राने सोडतात. प्राणिमात्र कश्यपाचीच संतती मानली आहे. अशी कितीतरी लग्ने मी स्वतः लावली होती.

"शास्त्राचं कळलं, अण्णाकाका," मुग्धा म्हणाली. "तुमचं सांगा."

शास्त्र तर घरून निघतानाही ठाऊक होते, आणि तरी मी पोथी मिटूनच आलो होतो.

"तुझे लग्न मी लावीन," म्हणालो आणि सायमनच्या मस्तकावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले.

मुहूर्त पाहून कळवतो, असे श्रीधरला सांगून दुपारच्या गाडीने परतलो. समोर मेथीच्या जुड्यांचे गाठोडे घेतलेली एक म्हातारी बसली होती. कुठे गेला होता, असे तिने विचारले. पुतणीचे लग्न ठरवून आलो, म्हणालो.

"पोरगा कुठला?"

"केनियाचा. काश्यप गोत्राचा."

"लय लांबचा हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पोरीला जीव लावतो ना?"

मी हो म्हणालो. दिवसभरात हे मला कुणाला विचारावेसे वाटले नव्हते.