भाऊजींची लांबवलेली गाणी

आमच्या भाऊजींइतका गाण्याला जपणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका घरातल्यांचा अंत पाहणाराही. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. लग्न केलं नाही. लोट्याला एका केमिकल कंपनीत गेज आणि मीटर दुरुस्त करत नोकरी काढली, शिफ्ट सांभाळत तिथल्याच खोलीवर राहिले, आणि निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका, एक जुना टेपरेकॉर्डर आणि खोकीभर कॅसेटी घेऊन कायमचे घरी आले. माडीवरची खोली त्यांना दिली. वाटलं, आता माणूस बागेत लक्ष घालेल, निदान सकाळचं दूध तरी आणेल. कसलं काय! त्यांनी कॉम्प्युटर घेतला, दोन स्पीकर भिंतीला ठोकले आणि कामाला लागले. काम म्हणजे काय, तर अमेरिकेतली चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नाचाची गाणी लांबवणं. फंक, सोल, डिस्को असली. त्या गाण्यांत एखादी जागा अशी येते की गाणारे गप्प होतात आणि नुसता ड्रम आणि गिटार रंगात येतात. मूळ गाण्यात ती जागा आली आली म्हणेपर्यंत सरते. भाऊजींना तेच सोसत नाही. ते ती जागा कापतात, तिलाच पुन्हा पुन्हा जोडतात, आणि तीन मिनिटांचं गाणं आमच्या घरात पाव तास चालतं.

याला एडिट म्हणायचं. मी एकदा कौतुकानं ‘तुमची रिमिक्स’ म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. रिमिक्स करणारा स्वतःचं काहीतरी आत घुसडतो, नवा ताल, नवी बाई, नवे आवाज. एडिट करणाऱ्यानं आपल्या पदरचं काडीइतकंही घालायचं नाही. जे आहे त्यातलंच पुढेमागे करायचं, नको ते वगळायचं, आणि जोड कुठे आहे ते कुणाला कळता कामा नये. हे सांगताना ते इतके गंभीर होतात की समोरच्याला वाटावं घरात काही वाईट झालंय. इंग्रजी त्यांचं कंपनीपुरतं, त्यामुळे गायकांची नावं त्यांनी आपल्या सोयीनं ठेवलीत. एक ‘घामट’, एक ‘थोरल्या बहिणी’, एक ‘तुतारीवाले’. कॉम्प्युटरवरही तशीच नावं दिलेली असतात, ‘थोरल्या बहिणी, लांबवलेल्या’, ‘घामट, रडणं काढून’. माझ्या माहेरची माणसं आली होती तेव्हा माडीवरून ते मोठ्यानं विचारते झाले, की घामटाला अजून थोडा कापू का गो. माझ्या वडिलांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

घरी आलेल्या माणसाला गाणं अर्ध्यात सोडून उठायची मुभा नाही. एलआयसीचे एजंट हप्त्यासाठी आले होते, त्यांना ‘तुतारीवाले’ पूर्ण ऐकावे लागले. मधेच वीज गेली, ती आल्यावर भाऊजींनी पहिल्यापासून लावलं. हे गृहस्थ पुढे हप्त्याची आठवण फोनवरच करू लागले. गणपतीत आरतीला सगळी मंडळी जोशात येऊन ताल पळवत सुटतात, तर आमचे हे दरवर्षी ‘सावकाश, सावकाश’ म्हणून ओरडतात, आणि भाऊजी डोळे मिटून हसत असतात. ते म्हणतात, माणूस वाजवतो तेव्हा आनंदात थोडा धावतोच, आणि त्यांच्या अमेरिकेतल्या लोकांचाही ड्रमवाला असाच धावतो, म्हणून तर ती गाणी जिवंत आहेत.

त्यांच्या या कामात मलाही एक जागा आहे, ती मी मागितली नव्हती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण भाऊजींच्या लक्षात आलं, की मी विळीवर भाजी चिरत असले आणि गाण्यात कुठे जोड वाईट बसला असला, तर माझा हात आपोआप थांबतो. तेव्हापासून नवं एडिट झालं की ते लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येतात, पाटावर बसतात, आणि गाण्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघतात. हात थांबला की म्हणणार, इथे कळलं, आणि पुन्हा वर. फणसाची भाजी असली की त्यांना विशेष आनंद होतो, कारण चिरायला वेळ लागतो. मी कितीदा तरी चिडले. पण माझं न कळणं कुणाच्या इतकं उपयोगी पडेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, हेही खरं.

एवढा सगळा जीव गाण्यांना लावला, पण माणूस म्हणून भाऊजींना मित्र एकच. त्यालाही त्यांनी या जपण्यापायी तोडलं, आणि नंतर तो परत मिळावा म्हणून त्यांचा जो जीव टांगणीला लागला, तो मी बघितलाय.

हा मित्र पावस गावचा. सगळी हयात बोटीवर गेली, म्हणून आमच्या घरात त्यांना बोटवाले म्हणतात. भाऊजींच्या खोक्यातली एकूण एक कॅसेट त्यांनी आणलेली. जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांवर उतरून हा माणूस सेंट न आणता, घड्याळं न आणता, मित्रासाठी गाणी आणायचा. स्वतः ढोल वाजवायचे. शिमग्याला सुट्टी मिळाली नाही तर बोटीवर जेवायचे नाहीत, असं त्यांची बायको सांगते. पालखी नाचवताना त्यांचा ढोल असा काही चढत जायचा, की खांद्यावर पालखी घेतलेल्यांची दमछाक व्हायची. भाऊजींना ताल धावतो म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं ते या मित्राच्या हाताकडे बघून.

मग बोटवाले कायमचे घरी आले, आणि त्या वर्षी एक उपद्व्याप करून बसले. भाऊजींचं सगळ्यांत आवडतं एडिट, ‘थोरल्या बहिणी’, त्यांनी मुंबईच्या कुणा पोराला दिलं, त्यावर आपला ढोल घालून घेतला, आणि गणपती विसर्जनाला ट्रकवर लावलं. मनात काही वाईट नव्हतं. मित्राचं काम चार माणसांनी ऐकावं, एवढंच. आणि ऐकलं हो! मांडवीच्या रस्त्यावर म्हाताऱ्या बायकासुद्धा नाचल्या. मीही नाचले, खोटं कशाला सांगू. भाऊजी मात्र एका दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचा चेहरा प्रेताला खांदा देऊन आल्यासारखा झाला होता. बोटवाले घामाघूम होऊन हसत हसत त्यांच्याकडे आले. भाऊजी एवढंच म्हणाले, की तुला विचारावंसं वाटलं नाही, आणि चालू लागले.

तिथून जो अबोला सुरू झाला तो वर्षानुवर्षं चालला. रत्नागिरी केवढीशी. दोघांना सकाळी मिरकरवाड्याला ताजी मासळी घ्यायची सवय, बोटवाले त्यासाठी पावसहून यायचे, आणि दोघांची मासळीवाली एकच. तेव्हा मध्ये ती. भाऊजी तिला सांगणार, त्यांना सांग आज बांगडा घेऊ नका, बर्फातला आहे. बोटवाले तिला सांगणार, त्यांना सांग पायात चप्पल धड घाला, ओलं आहे, पडतील. ती बाई शेवटी वैतागली आणि म्हणाली, मी मासे विकू का तुमचे निरोप पोचवू? पण पोचवत राहिली. मी घरी भाऊजींना किती वेळा म्हटलं, की एक गाणं ते काय, माफ करून टाका. ते म्हणायचे, गाणं माझं असतं तर केलं असतं, ते त्या बायकांचं आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर बोटवाले मासळीला यायचे बंद झाले. फुप्फुसं गेली होती त्यांची. घरीच ऑक्सिजन लावला होता. हे भाऊजींना मासळीवालीनंच सांगितलं. ते रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, उठा, रिक्षा बोलावते, आत्ता जाऊन या. तर म्हणाले, जाऊन बोलू काय? आणि माडीवर गेले. मला इतका राग आला! तिकडे माणूस चाललाय आणि हे स्पीकर लावतायत.

पण खाली जे ऐकू येऊ लागलं ते निराळं होतं. ‘थोरल्या बहिणी’ चालू होत्या, आणि त्यांच्यामागे ढोल. आधीच्या शिमग्याला पावसच्या कुणीतरी मोबाइलवर पालखीचा व्हिडिओ घेतला होता, त्यात बोटवाले वाजवत होते. तो ढोल भाऊजींनी काढून घेतला होता. आता पंचाईत अशी, की गाणं आपल्या चालीनं चाललेलं आणि बोटवाल्यांचा ढोल पुढे पुढे पळतोय. कॉम्प्युटरमध्ये म्हणे अशी सोय असते, की पळणारा ताल दाबून सरळ करता येतो. एक बटण दाबलं की झालं. भाऊजींनी ते दाबलं नाही. त्यांनी ढोल होता तसा ठेवला आणि गाणंच त्याच्या मागे ओढलं. कणाकणानं, एकेक ठोका बघून, त्या अमेरिकेतल्या बायकांना त्यांनी पावसच्या पालखीमागून पळवलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याला नख लागू दिलं नाही, तो हे करत होता. दोन आठवडे लागले. मी दोन्ही वेळचं ताट न कुरकुरता वर नेऊन दिलं.

मग भाऊजी आणि मी पावसला गेलो. बोटवाल्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि भाऊजींना बघून पदर तोंडाला लावला. बोटवाले खाटेवर उशांना टेकून बसलेले, नाकात नळी, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊजींनी लॅपटॉप उघडला आणि ते गाणं लावलं. बोटवाले डोळे मिटून ऐकत राहिले. ढोल सुरू झाला तशी त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली. पुढे तो चढला, पळायला लागला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“वाजवणारा घाई करतोय मेला,” ते म्हणाले. “कोण आहे?”

“तूच आहेस.”

बोटवाले हसायला गेले आणि खोकलाच आला. बायकोनं पाठ चोळली, मी पाणी दिलं. धाप जरा बसल्यावर त्यांनी विचारलं, “मग गाणं कसं मागे राहिलं नाही?”

“मी आणलं तुझ्यामागनं,” भाऊजी म्हणाले.

बोटवाल्यांना ते कळलं. त्यांनी भाऊजींचा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर भाऊजी रोज दुपारच्या एसटीनं पावसला जात राहिले. बोलायचे काय देव जाणे, बहुतेक भांडायचेच. शिमगा तोंडावर आला असताना बोटवाले गेले.

परवा भाऊजी ते गाणं स्वयंपाकघरात घेऊन आले. मी पहिल्यांदाच ते सगळं नीट ऐकलं. आणि मला काही राहवलं नाही, मी आपलं खरं ते सांगितलं, की भाऊजी, ढोलामुळे गाण्याची वाट लागली आहे, ढोल काढून पहिल्यासारखं करून ठेवा, ते किती छान होतं.

“बिघडलंय गो, मला कळत नाही का?” ते म्हणाले. “पार बिघडलंय. पण गाण्याला मी इतकी वर्षं जपलं, आणि त्याला जपायचं राहून गेलं. आता तो तेवढाच उरलाय, त्यात. त्याला कुठे बाहेर काढू?”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांनी काही केलं नाही. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांना म्हटलं, पुन्हा लावा.