मधल्यानं शब्द बदलायचा नाही

आई लातूरला दवाखान्यात होती आणि मी नांदेडला बसून दाजींशी फोनवर भांडत होते. दाजी म्हणजे ताईचा नवरा. लातूरच्या डाळमिलांचे कॉम्प्युटर तेच सांभाळतात. आपल्यात काय बिघडतंय, काय चाललंय, हे प्रत्येक सर्व्हर सारखं लिहीत असतो. तो लॉग दाजींच्या मशीनवरून पुढं माझ्याकडं यावा म्हणून आम्ही दोघं एक प्रोटोकॉल, म्हणजे मशीननं मशीनला निरोप कसा द्यायचा त्याचे नियम, बसवत होतो.

भांडण एकाच नियमावर. निरोप किती गंभीर, हे लिहिणारा सर्व्हरच ठरवतो. दाजींचं म्हणणं, मधल्या मशीननं ते जरा सौम्य करून पुढं पाठवावं.

"मालक लोक लई घाबरतात गं. एकदम कशाला सांगायचं?"

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं माणूस गेला तरी फोन येतो तो 'तब्येत जरा नरम हाय, निघून ये' असाच. वडिलांच्या वेळी मला तोच आला होता आणि मी आरामात, दुसऱ्या दिवशी निघाले होते. तो राग अजून गेलेला नाही.

"मधल्यानं कानामात्राही बदलायचा नाही," मी ठणकावलं. "मशीनचाही नाही अन् आईचाही नाही. ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं सांगायचं."

"हाव माय, हाव," म्हणत दाजींनी नियम तसाच लिहिला.

मग रोज दुपारी त्यांचा फोन. आई म्हणतात बरं वाटून राहिलं. आई म्हणतात भूक लागली. मी निवांत. प्रोटोकॉलच्या चाचण्या उरकल्या की जाऊ, असं ठरवून टाकलं.

एके दिवशी फोन आला तो सकाळीच. दाजी नुसतेच घुटमळत होते.

"आई काय म्हणते?"

"आज काहीच म्हनल्या न्हाईत. काय सांगू तुला?"

"अहो, कालपर्यंत तर बरी होती!"

"तसं त्याच म्हनायच्या. पोरीचं काम चालू हाय, तिला बरी हाय म्हनून सांगा. मी एक शब्द बदलला न्हाई बाई, तुझी शप्पथ."

त्यांच्यावर ओरडायला तोंडच उरलं नाही. मिळेल ती एसटी धरली.

दवाखान्यात पोचले तेव्हा आईनं डोळे उघडले. ओठ सुकलेले, मनगट काडीसारखं. "कशी आहेस गं?" मी विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली. मी तिचा हात धरून भडाभडा रडले.